झेनोनसच्या घरची इर्जिक

"दहा माणसं येणारेत शनिवारी. त्यांना वाढणार काय तू, झेनोनस? वारा?"

"त्सेपेलिन वाढणार."

"आणि ते करणार कोण?"

"मी."

"तू?" लेओकादियाने कप असा आपटला की बशीच्या पोटात गोळा आला असेल. "अरे, चाळीस वर्षं माझ्या बहिणीने तुला आयतं ताट हातात दिलं. मीठ कुठल्या डब्यात असतं ते तरी ठाऊक आहे?"

"निळ्या."

"निळ्यात सोडा आहे!"

खिडकीपाशी उभ्या असलेल्या योलांताला हसू आलं. पण तिने ते गिळलं, कारण आज ती मावशीच्या पक्षात होती. कौनासच्या शाळेत भूगोल शिकवणारी ही मुलगी आठवड्याची रजा काढून बापाकडे आली होती ती नुसती बटाटे काढायला नव्हे. बापालाही काढायला आली होती, मुळासकट.

"बाबा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "अहो, खोली तयार आहे. रंगसुद्धा देऊन झालाय. लिफ्ट आहे. खिडकीतून झाड दिसतं."

"एक?"

"काय एक?"

"झाड."

"हो, एक. मोठं आहे पण."

झेनोनसने खिडकीबाहेर पाहिलं. बांधापासून पार नेव्हेझिस नदीच्या काठापर्यंत भूर्जच भूर्ज. पण लेओकादियाला न बोलणाऱ्या माणसाची चीड होती.

"गप्प बसून बटाटे निघत नसतात! वीस गुंठे आहेत. एकटा काढशील? गाव येतं ते तुझ्या मिशा बघायला नाही येत. इर्जिकीला जो जेवू घालतो त्याच्या शेतात गाव येतं. गेल्या वर्षी माझ्या घरी जेवले म्हणून निभावलं तुझं. दरवर्षी मी नाही पुरायची. सरळ माझ्या पोराला कसायला दे जमीन, आणि लेकीकडे जाऊन गुमान बस."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच झेनोनसला झोंबत होतं. बायको, वालेरिया, जाऊन दीड वर्ष झालं होतं. गेल्या सप्टेंबरात त्याच्या शेतात गावाने घाम गाळला आणि चिखलाच्या बुटांनी सगळे लेओकादियाच्या घरी जेवायला गेले. बटाटे झेनोनसचे, कंबरा गावाच्या, आणि ढेकर लेओकादियाच्या नावाने. तो स्वतःही तिच्याच टेबलाच्या कोपऱ्याला पाहुण्यासारखा बसला होता. तेव्हापासून वर्षभर ती भेटेल त्याला सांगत होती की झेनोनसच्या घरात आता चूल नाही, नुसतं धुराडं आहे. आणि ज्या घरात चूल नाही तिथे पुढच्या वर्षी कोण घोडा घेऊन येणार? माणसं नाहीत तर बटाटे नाहीत. बटाटे नाहीत तर थंडी काढायची कशावर? त्यापुढे कौनासची खोली होतीच, झाडासकट.

"ठरवून टाकू," झेनोनस अखेर म्हणाला. "शनिवारी दहाच्या दहा माणसं माझ्या टेबलावरून पोट भरून उठली, तर कौनासचं नाव या घरात कुणी काढायचं नाही. नाही उठली, तर रविवारी मी तुझ्या गाडीत बसतो, योलांता. जमीन अक्कांचा पोरगा कसेल."

"नक्की?"

"नक्की."

"मी साक्षीला," लेओकादिया म्हणाली आणि तिने स्वतःच आणलेल्या केकचा शेवटचा तुकडा स्वतःच उचलला.

झेनोनसला सगळा तालुका ओळखत होता तो पाण्याचा माणूस म्हणून. एकतीस वर्षं त्याने शेताशेतांतून चर खणले आणि भाजलेल्या मातीचे पाईप जमिनीखाली पुरले. इकडच्या सपाटीवर पाऊस पडला की पाणी जायचं नाव घेत नाही, बसतं पाहुण्यासारखं. त्याला बाहेरची वाट दाखवायची, हे झेनोनसचं काम. मूठभर माती चोळून तो सांगायचा, इथे दोन हातांवर चिकणमाती आहे, तिथे पाणी अडलंय. यंत्रं घेऊन आलेले शिकलेसवरलेले साहेब तीन दिवसांनी तेच सांगायचे. वालेरियाही त्याला अशीच एका चरात सापडली. म्हणजे चरात झेनोनस होता आणि वर ती उभी होती, हातात ताकाचा तांब्या घेऊन. "वर येऊन पिणार, की खाली ओतू?" हे तिचं पहिलं वाक्य. लग्नानंतरही तिच्या बोलण्याचा नूर काही बदलला नाही.

त्याचे हात मात्र स्वयंपाकघरात एकाच कामाला लागत. इकडे सगळ्या घरांत तसंच असतं. कच्चा बटाटा किसायचा यंत्राने, आणि तो कीस फडक्यात घालून पिळायचा घरातल्या पुरुषाने. त्या कामाला मनगट लागतं. झेनोनसचं मनगट असं होतं की दोन फडकी फाटली, तेव्हा वालेरियाने तागाच्या कापडाची दुहेरी पिशवी शिवली. तो पिळायचा, खालच्या बादलीत तांबूस पाणी धो धो उतरायचं, फडक्यात कोरडा लगदा उरायचा. मग वालेरिया म्हणायची, "जा, दमलास. एक सिगरेट ओढून ये." तो पायरीवर जाऊन बसायचा. सिगरेट संपते न संपते तोच आतून हाक यायची, "झेनोनस, बादली ओत!" तो बादली उचलून गोठ्यामागे रिकामी करायचा. पुढचं त्याला थेट ताटातच दिसायचं. तेच ते त्सेपेलिन, बटाट्याचे पांढरेशुभ्र लांबट उंडे, पोटात डुकराच्या खिम्याचं सारण, वर कांद्यात परतलेले चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि आंबट साय.

म्हणून त्याला वाटलं, यात अवघड ते काय? आपलं अर्धं काम तर आपल्याला येतंच.

गुरुवारी दुपारी, योलांता मावशीकडे गेलेली बघून, त्याने दार लावून रंगीत तालीम केली. पाच किलो बटाटे सोलले. किसले. असे पिळले की पिशवीच्या शिवणी कण्हायला लागल्या. पाणी उचललं आणि तडक गोठ्यामागे ओतलं. दुसरी बादली भरली, तीही नेली. तेवढ्यात आतलं पातेलं उतू गेल्याचा आवाज आला, म्हणून ती तशीच भिंतीशी ठेवून धावत आला. लगद्यात दोन उकडलेले बटाटे कुस्करले, मीठ घातलं. पांढऱ्या डब्यातलं, चव बघून. खिम्यात कांदा, मिरी, वाळवलेला मरवा. उंडे वळले. दिसायला झकास. मिशीवरून हात फिरवत त्याने सहाच्या सहा उकळत्या पाण्यात सोडले.

पाच मिनिटांनी पातेल्यात एकही उंडा नव्हता. करडा रबरबीत रवदा गदगदत होता आणि खिम्याचे गोळे त्यात बुडत्या माणसासारखे वर येत होते, खाली जात होते.

तेवढ्यात योलांता आली. पातेल्यात डोकावली.

"सूप केलंत?"

"हो," झेनोनस म्हणाला.

तिने पातेलं घासलं, ओटा पुसला. आणि पाठमोरी राहूनच हळूच म्हणाली, "रविवारी सकाळी दहाला निघू या का, बाबा? उशिरा रस्त्यावर गर्दी होते."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर झेनोनसला परवडला असता.

शुक्रवारी सकाळी तो गोठ्यामागे गेला तो निव्वळ बादली आणायला. काल भिंतीशी ठेवलेली दुसरी बादली तशीच होती, भरलेली. वरचं पाणी रात्रीतून निवळून चहासारखं झालेलं. त्याने ती कलंडली. पाणी गेलं, पण बादली हलकी झाली नाही. तळाशी काहीतरी पांढरं होतं. त्याने बोट लावलं. बोट रुतेना. नख मारलं तर कुरकुरलं, कडक थंडीतल्या बर्फावर बूट पडावा तसं.

"गाळ," झेनोनस मोठ्याने म्हणाला.

हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. एकतीस वर्षं त्याने पाहिलं होतं की वाहतं पाणी काही देत नाही. ते थांबलं की देतं. चराच्या तळाशी जी चिकणमाती बसते ती फावड्याला सोडत नाही, आणि तिच्यावर बांध टिकतो. बटाट्याची चिकणमाती ही अशी बादलीच्या बुडाशी बसलेली. आणि काल तो ती गोठ्यामागे ओतून आला होता.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

सिगरेट! जा, दमलास, एक सिगरेट ओढून ये. चाळीस वर्षं त्याला वाटत होतं, बायकोला आपली कणव येते. कणव कसली! बटाट्याचा तो पांढरा साका खाली बसायला तेवढा वेळ हवा म्हणून ती त्याला बाहेर घालवत होती. तो पायरीवर धूर सोडत बसायचा, आत पाणी निवळायचं. मग ती वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढून साका खरवडून लगद्यात घालायची, आणि पाण्याची बादली तेवढी याच्या हातात. तो घरातला कर्ता पुरुष नव्हता, घड्याळ होता!

"वालेरिया," तो रिकाम्या गोठ्याकडे बघून म्हणाला, "लबाड बाई." आणि इतक्या जोराने हसला की योलांता ओल्या हातांनी बाहेर धावली.

"काय झालं?"

"एक सिगरेट किती वेळ पुरते गं?"

"बाबा! सोडलीत ना तुम्ही?"

"ओढत नाहीये. विचारतोय."

"मला काय माहीत! दहा मिनिटं? तुम्ही ठीक आहात ना?"

झेनोनस कधी नव्हे इतका ठीक होता. त्या दुपारी त्याने गुपचूप एकच उंडा केला, एकट्यापुरत्या पातेलीत. तो टिकला. पण कीस हवेवर काळवंडल्याने रंग जुन्या बुटासारखा आला होता. शिवाय एक उंडा टिकणं म्हणजे एक पाईप बसवणं. एका पाईपने शेत कोरडं होत नाही.

शनिवारी दहाऐवजी बारा माणसं आली.

शेतात शेजारच्या आल्गिसचा घोडा नांगर ओढत होता, मागून बाया आणि गडी वाकून टोपल्या भरत होते. आणि घरधनी ज्याला नांगरामागे असायला हवं, तो स्वयंपाकघरात, कमरेला एप्रन. आल्गिस पाणी प्यायचं निमित्त करून दाराशी आलाच.

"एप्रन कुणाचा रे?"

"वालेरियाचा."

"शोभतोय. रविवारी चर्चला येताना पण घालून ये."

"तू आधी सरी सरळ काढ. खिडकीतून दिसतेय मला, साप गेलाय सगळा."

लेओकादिया शेतात न जाता थेट आत आली. तिच्या हातात झाकलेलं मोठं भांडं होतं. तिने ते ओसरीच्या बाकावर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

"कोबीचा रस्सा आहे," ती म्हणाली. "माणसं उपाशी राहू नयेत म्हणून. तुझा अपमान करायला नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"वेळ आली तर लाजू नकोस, एवढंच."

झेनोनसने पिशवी पिळली. पाणी बादलीत उतरलं. मग त्याने बादली टेबलाखाली सरकवली, स्टूल ओढलं आणि हाताची घडी घालून बसला.

लेओकादिया बघतच राहिली. "बसलास काय? बारा माणसं आहेत!"

"दम खातोय."

"दम? बाहेर घोड्याने खाल्ला नाही अजून दम!" ती लगद्याजवळ गेली, बोट घालून पाहिलं. किसात गोळ्या कुटून घातल्या होत्या त्याने, सर्दीला घेतात त्या आंबट गोळ्या. त्यामुळे रंग धरून होता, पण अगदी पांढरा नाही. "करडं पडलंय. आणि ओलं आहे. हे नाही टिकायचं, सांगून ठेवते. एक मूठ गव्हाचं पीठ टाक. मी टाकते, थांब."

तिने पिठाचा डबा उचलला. झेनोनसला एका क्षणात सगळं दिसलं. पीठ पडलं की उंडे नक्की टिकणार. रबरासारखे होतील, पण टिकतील. आणि उद्या गावभर होईल, लेओकादियाने हात लावला म्हणून जमलं. मग टेबल तिचं, ढेकर तिच्या नावाचे, आणि झेनोनस रविवारी दहाला गाडीत.

भीती वाटली त्याला. खोटं कशाला सांगा? मोठ्या पातेल्यात एकाच वेळी छत्तीस उंडे सोडायचे होते, आणि त्याच्या गाठीशी यश होतं एका उंड्याचं.

त्याने तिच्या हातातून डबा काढून घेतला आणि उंच फळीवर ठेवला, जिथे तिचा हात पोचत नव्हता.

"अक्का, तुम्ही बाहेर बसा."

"मला बाहेर काढतोस? माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातून?"

"माझ्या," झेनोनस म्हणाला. "माझ्या स्वयंपाकघरातून."

ती गेली नाही; दारात पाय रोवून उभी राहिली. झेनोनसने बादली ओढली, हळूच कलंडली. तांबूस पाणी गेलं. तळाशी पांढरा थर चमकला. त्याने चमच्याने तो खरवडून लगद्यात घातला, उकडलेला बटाटा घातला आणि मळायला लागला. लेओकादियाचा जबडा जरासा खाली आला.

उंडे वळताना मात्र त्याच्या हातांनी आपली जुनी सवय सोडली नाही. प्रत्येक उंडा बरोबर पाईपच्या जाडीचा, एकासारखा एक, शिवण कुठे दिसणार नाही असा. छत्तीस ओळीने मांडले तेव्हा टेबलावर चर खणायची तयारी केल्यासारखं दिसत होतं.

पातेल्यातल्या पाण्यात त्याने राखून ठेवलेला थोडा साका कालवला, आच मंद केली आणि एकेक उंडा पळीवरून आत सोडला. बुडाले. सगळेच्या सगळे.

तोवर शेत आटोपलं होतं. माणसं हात धुऊन टेबलाशी येऊन बसली होती. कुणी काट्याने ताट वाजवत होतं. योलांता पातेल्यापाशी येऊन उभी राहिली, बापाच्या खांद्याला खांदा लावून. तिच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता. तिला नक्की काय हवं होतं ते त्या घटकेला तिलाच सांगता आलं नसतं.

"पाणी गढूळ होतंय, बाबा."

"होऊ दे."

"गुरुवारी पण असंच..."

"योलांता, पाण्याबद्दल मला सांगू नकोस."

आणि एक उंडा वर आला. सावकाश कूस बदलून, गुळगुळीत पाठ दाखवत. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. मग सगळ्यांनी मिळून पृष्ठभागावर गर्दी केली. झेनोनसने त्यांना अर्धा तास तसंच मंद हिंदकळू दिलं. त्या अर्ध्या तासात तो जागचा हलला नाही.

पहिलं ताट आल्गिससमोर गेलं. दोन उंडे, वर चरबी-कांदा, बाजूला आंबट साय.

"अरे, हे उंडे आहेत की पाईप? यातून तर माझं अख्खं शेत निचरेल!"

"खा आधी."

आल्गिसने काटा मारला. उंडा फुटला नाही. दबला, मग कापला गेला, आणि आतून वाफेबरोबर मरव्याचा वास सुटला. आल्गिसने घास घेतला. चावला. सगळं टेबल त्याच्या जबड्याकडे बघत होतं.

त्याने दुसरा घास घेतला. मग ताटावर असा वाकला की टोपी सायीत बुडायची बाकी राहिली.

त्यानंतर त्या घरात जे झालं ते ऐकण्यासारखं होतं, कारण ऐकू काहीच येत नव्हतं. एरवी एकमेकांची उणीदुणी काढणारी बारा माणसं मुकाट खात होती. काट्यांचा आवाज, आणि मधूनच एखादा सुस्कारा. दोन उंडे खाल्ले की भलाभला गडी पट्टा सैल करतो. आल्गिसने तिसरा मागितला आणि कोपऱ्यातल्या एका जाडसर गड्याने चौथ्याचं नाव काढलं तेव्हा बायकोने त्याला टेबलाखालून लाथ मारली. बाहेर बाकावर कोबीचा रस्सा थंड होत होता. त्याचं झाकणही कुणी उचललं नाही.

लेओकादियाने एक खाल्ला. बारीक बारीक तुकडे करून, प्रत्येक तुकडा उजेडात धरून, परीक्षा घेणाऱ्या मास्तरणीच्या थाटात.

"मीठ कमी आहे," तिने निकाल दिला.

"मग राहू द्या, अक्का." झेनोनसने ताट उचलायला हात पुढे केला.

तिने ताट आपल्याकडे ओढलं. "राहू द्या म्हणजे? टाकायचं काय? घाल अजून एक."

हशाने छत वर गेलं. ती स्वतः हसली नाही, पण दुसरा उंडा तिने उजेडात धरला नाही. तो संपवून, तोंड पुसून, जरा आवाज खाली आणून तिने विचारलं, "साक्याचं तुला शिकवलं कुणी?"

"वालेरियाने."

"कधी?"

"दर रविवारी. मला कळायला जरा वेळ लागला."

लेओकादियाने नजर ताटाकडे वळवली. मग उठून तिने स्वतःच्या हाताने सगळ्यांची रिकामी ताटं गोळा केली आणि मोरीत नेऊन ठेवली. परक्याच्या घरी ती असलं काम कधी करत नसे.

"झेनोनस," आल्गिस पट्टा सोडत म्हणाला, "पुढच्या वर्षी घोडा मी आणतो, काळजी नको. पण त्याच्या आदल्या शनिवारी माझ्याकडे इर्जिक आहे, तेव्हा तू आमच्याकडे ये. नांगर धरायला नको येऊस. हे करायला ये."

"आणि तुझी बायको?"

"ती नांगर धरेल!" आल्गिसची बायकोच म्हणाली, आणि पुन्हा टेबल दणाणलं.

झेनोनस टेबलाच्या डोक्याशी बसला होता, एप्रनसकट. समोर बारा ताटांची जागा, सगळ्या खुर्च्या तृप्तीने मागे रेललेल्या. कुणीतरी त्याच्या पेल्यात घरची दारू ओतली आणि सगळ्यांनी त्याच्या नावाने पेले उचलले. त्याच्या नावाने, त्याच्या छपराखाली. त्याने पेला एका घोटात रिकामा केला आणि मिशी पुसली.

योलांता त्याच्यामागे उभी होती. तिच्याही ताटात काही उरलं नव्हतं. तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. रडवेली होती, पण हसतही होती. "मग मी त्या खोलीचं करू काय?"

झेनोनस उठला. दाराशी आजच काढलेल्या बटाट्यांच्या टोपल्या रांगेने लागल्या होत्या. त्याने त्यातले अंड्याएवढे, डोळस, निरोगी असे बटाटे एकेक करून रिकाम्या टोपलीत वेगळे काढले. पुढच्या वसंतातलं बियाणं. टोपली भरली तशी ती त्याने कडेवर घेतली, आणि तळघराच्या दिशेने चालू पडला.